तक्रारीला मुदत, निवाड्याला नाही

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका मताने हरलेल्या उमेदवाराला कायदा 15 दिवस देतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 नुसार निकाल जाहीर झाल्यापासून 15 दिवसांच्या आत त्या भागातील कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, आणि हा अधिकार केवळ पराभूत उमेदवाराचा नाही, त्या निवडणुकीत मतदानास पात्र असलेल्या कोणत्याही मतदाराचा आहे. मुदत कडक आहे आणि तशी असणेच योग्य आहे; गावाचा कारभार सुरू झाल्यावर कोणी सवडीने उठून तक्रार करावी, हे कोणत्याच गावाला परवडणारे नाही. पण हा अर्ज किती दिवसांत निकाली निघाला पाहिजे, याविषयी न्यायालयावर तसे कोणतेही बंधन घातलेले नाही. पद पाच वर्षांचे, तक्रारीची मुदत पंधरवड्याची आणि निवाड्याला मुदतच नाही, अशी ही रचना आहे. मराठवाड्यातल्या तालुका न्यायालयांत दर निवडणुकीनंतर दाखल होणाऱ्या अर्जांचे जे होते, त्याचे मूळ या विसंगतीत आहे आणि ती दूर करणे विधिमंडळाच्या हातात आहे, असे माझे मत आहे.

गावच्या निवडणुकीतले आकडे किती लहान असतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. 1500 पर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात सात सदस्य निवडायचे असतात. ते तीन प्रभागांत विभागले, तर एका प्रभागात तीनशे-साडेतीनशे मतदार येतात. पक्षाचे चिन्ह नसते. दोन पॅनल असतात, क्वचित तिसरे. कोणत्या भावकीची किती मते, तांड्यावरची किती, वस्तीवरची किती, हे दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. अशा ठिकाणी एक-दोन मतांनी निकाल लागणे हे नवल नव्हे, आणि समान मते पडून चिठ्ठीवर निकाल गेल्याच्या बातम्याही दर मोजणीनंतर येतच असतात. विधानसभेच्या मतदारसंघात एखाद्या केंद्रावरची नोंद चुकली, तर बहुधा निकाल बदलत नाही. प्रभागात मात्र एका कर्मचाऱ्याने एका ओळीत केलेली चूक सरपंच बदलू शकते. म्हणून ‘गावपातळीवरचे किरकोळ वाद’ असे म्हणून या अर्जांकडे पाहण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मला पटत नाही. चुकीची शक्यता आणि चुकीचा परिणाम, दोन्ही इथे सर्वाधिक आहेत.

राज्यघटनेने या वादांना एकच दार ठेवले आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 243-ओ प्रमाणे पंचायतीची निवडणूक केवळ राज्याच्या कायद्यात सांगितलेल्या निवडणूक याचिकेद्वारेच आव्हानित करता येते. आपल्या अधिनियमातील कलम 15-अ तेच पुन्हा सांगते. निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही. कायद्याने दिला तेवढाच आणि दिला त्याच रीतीने तो वापरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ज्योती बसू प्रकरणात स्पष्ट केले. एकच दार असेल, तर ते वेळेवर उघडले पाहिजे, ही अपेक्षा त्यातून आपोआप निर्माण होते. तसे पाहता निकालापूर्वीच्या गैरप्रकारांवर यंत्रणा झटपट हलू शकते. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड होताच राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. निकाल लागल्यानंतर मात्र आयोगाचे हात बांधलेले असतात आणि सगळा भार तालुक्याच्या न्यायालयावर येतो.

त्यातही हे दार नेमके कुठे आहे, ते राजकारणाच्या वाऱ्याबरोबर सरकत राहिले. 2017 मध्ये सरपंचाची थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. थेट निवडलेल्या सरपंचाच्या निकालाचा वाद दिवाणी न्यायाधीशांसमोर जातो. सदस्यांनी निवडलेल्या सरपंचाचा किंवा उपसरपंचाचा वाद कलम 33 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून अपिलात विभागीय आयुक्तांकडे जातो. 15 जानेवारी 2021 च्या मतदानानंतर जो वाद महसूल खात्याच्या दालनात होता, तोच 18 डिसेंबर 2022 च्या मतदानानंतर कोर्टाच्या आवारात आला. गावातल्या माणसाने कोणत्या पायऱ्या चढायच्या, हे मुंबईत कोणाचे सरकार आहे यावर ठरावे, ही काही भूषणावह गोष्ट नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. निवडणूक निकालाचे वाद दोन प्रकारचे असतात आणि आपला कायदा व आपली न्यायालये ते एकाच गतीने चालवतात. एक वाद आकड्यांचा: मोजणी चुकली, एका केंद्राची मते दुसऱ्याच्या नावे लिहिली गेली, बेरीज बरोबर नाही. दुसरा वाद आचरणाचा: पैसे वाटले, धमकावले, मृताच्या किंवा परगावी असलेल्याच्या नावावर मतदान झाले. पहिल्या वादाला साक्षीदारांची फारशी गरज नसते, यंत्र आणि मोजणीचा तक्ता समोर आणला की तो सुटतो. दुसऱ्याला पुरावा, उलटतपासणी, कागदपत्रे असे सगळे लागते. दोन्हींना एकाच रांगेत उभे केल्यामुळे एका दिवसात सुटू शकणारा प्रश्नही वर्षानुवर्षे रेंगाळतो.

हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या बुआना लाखू या गावाचे उदाहरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. तिथे 2 नोव्हेंबर 2022 रोजी सरपंचपदाची निवडणूक झाली. निकालाला आव्हान दिले गेले. स्थानिक निवडणूक न्यायाधिकरणाने एप्रिल 2025 मध्ये एका केंद्राची फेरमोजणी करण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर न्यायालयाने सर्व केंद्रांची मतदान यंत्रे दिल्लीला मागवून घेतली आणि 6 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाच्या आवारातच निबंधकांसमोर मोजणी करवली. एकूण 3767 मतांपैकी याचिकाकर्त्याला 1051 आणि निवडून आल्याचे घोषित झालेल्या उमेदवाराला 1000 मते निघाली. म्हणजे 51 मतांनी निवडून आलेला माणूस दोन वर्षे नऊ महिने पदाबाहेर होता आणि ही चूक शोधायला प्रत्यक्षात लागला एक दिवस. बाकीचा सगळा काळ मोजणी करावी की करू नये, या वादात गेला.

फेरमोजणी सहजासहजी देऊ नये, अर्जात ठोस तपशील असल्याशिवाय देऊ नये, कारण त्यातून मतदानाची गुप्तता धोक्यात येते, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी अनेक निकालांत सांगितले आहे. कागदी मतपत्रिकेच्या काळात ते रास्त होते. मतपत्रिकेच्या घडीवरून, शिक्क्याच्या जागेवरून, एखाद्या डागावरून मत कोणाचे ते ओळखले जाण्याची भीती खरी होती, आणि गावात तर अधिकच खरी होती. मतदान यंत्रात तशी सोय नाही. यंत्र फक्त बेरीज दाखवते. ती बेरीज दुसऱ्यांदा वाचल्याने कोणाचेही गुपित फुटत नाही. शिवाय आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेले ते दाखवणारी, छापील चिठ्ठी नसते. यंत्रातला आकडा आणि केंद्राध्यक्षाने लिहिलेला हिशेब, एवढाच पुरावा हाती असतो. तो तरी तातडीने आणि सर्वांसमक्ष पडताळून पाहायला काय हरकत असावी? ‘फेरमोजणी हा अपवाद’ हे सूत्र यंत्राच्या युगात ग्रामपंचायतीपुरते तरी उलटे करायला हवे, असे मला वाटते. फरक विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी असेल, तर मागणी होताच मोजणीच्या टेबलावरच आकडे पुन्हा वाचले जावेत. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच, तर हा मुद्दा साक्षीपुराव्याची वाट न पाहता प्राथमिक मुद्दा म्हणून पहिल्या काही तारखांतच निकाली काढला जावा.

आचरणाच्या वादात एवढी घाई करून चालणार नाही, आणि मराठवाड्यात तर त्याचे एक खास कारण आहे. बीडच्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतून आणि परभणीच्या गंगाखेड परिसरातून हजारो ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. गेल्या काही वर्षांतल्या ग्रामपंचायतींच्या मतदानाच्या मोठ्या फेऱ्या पाहा: 15 जानेवारी 2021, 18 डिसेंबर 2022, 5 नोव्हेंबर 2023. पहिल्या दोन तारखा ऐन हंगामातल्या आहेत आणि तिसरी हंगामाच्या तोंडावरची. काही गावांत निम्मे कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, बाहेर असताना मतदान होते. मग उमेदवार गाड्या पाठवतात, मजुरीचा खाडा भरून देतात, जेवणाची सोय करतात आणि मतदान झाले की पुन्हा फडावर नेऊन सोडतात. मतदाराला लाभ देणे आणि त्याच्या ने-आणीसाठी वाहन पुरवणे या गोष्टी अधिनियमाने भ्रष्ट आचरणात धरल्या आहेत. पण ज्या मजुराने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली आहे, त्याने मतदानासाठी स्वतःच्या खर्चाने दोन दिवस घरी यावे, ही अपेक्षा व्यवहारात कोण पुरी करणार? गाडी पाठवणाऱ्या दोन्ही पॅनलांना हे ठाऊक असते, म्हणून हरलेला दुसऱ्याच्या गाडीविषयी तक्रार करतो आणि स्वतःच्या गाडीविषयी गप्प राहतो.

जे येत नाहीत, त्यांच्या नावावर दुसऱ्याच कोणी बोट लावून गेल्याचे आरोप होतात. ते सिद्ध करायचे तर तो मजूर स्वतः साक्षीला उभा राहिला पाहिजे. डिसेंबरात मतदान, जानेवारीत अर्ज, मग नोटिसा बजावणे, लेखी जबाब. साक्षीची वेळ आली तेव्हा पाऊस सुरू होऊन तो गावात असला, तर ठीक. तारखा दिवाळीपलीकडे गेल्या, की साक्षीदार पुन्हा ऊसतोडीला. न्यायालयाने तारीख दिली आणि साक्षीदार गैरहजर राहिला, अशी कोरडी नोंद रोजनाम्यात होते. त्यामागे एक पूर्ण हंगाम असतो, हे त्या नोंदीत दिसत नाही. म्हणून मुदत घालताना हे वास्तव धरूनच घालावी लागेल. सहा महिन्यांची मुदत असेल, तर जानेवारीतला अर्ज जुलैपर्यंत संपतो आणि साक्षीदार गावी असण्याचा काळ त्यात येतो. दीड वर्ष चालणाऱ्या प्रकरणात दोन हंगाम मध्ये येतात.

विलंबाचा फायदा कोणाला होतो, हे वेगळे सांगायला नको. जो पदावर बसला, त्याच्या बाजूने प्रत्येक तारीख जाते. नोटीस न घेणे, वकीलपत्राला वेळ मागणे, एखादा प्रतिवादी मिळतच नाही म्हणणे, हे सगळे कायदेशीर आहे आणि पाच वर्षांच्या पदासाठी पुरेसे आहे. वित्त आयोगाचा निधी, रोजगार हमीची कामे, पाणीपुरवठ्याची योजना यांवर सह्या होत राहतात. निवडणूक शेवटी अवैध ठरलीच, तर नवी निवडणूक घ्यावी असे कायदा म्हणतो. पण तोवर मुदतच संपत आलेली असेल, तर ती निवडणूक कोणासाठी घ्यायची?

आणि त्याहून वाईट म्हणजे रेंगाळलेला अर्ज हा सौद्याचा माल होतो. उपसरपंचपद, एखाद्या समितीवरची जागा, रस्त्याच्या कामातला वाटा, अशा कशाच्या तरी बदल्यात अर्ज मागे घेतला जातो आणि गावात ‘समेट झाला’ असे म्हणतात. कायद्याला हे आधीच दिसले होते: अर्जात तडजोड करायची किंवा तो मागे घ्यायचा, तर त्यामागचा हेतू प्रामाणिक आहे याची न्यायाधीशांची खात्री पटली पाहिजे, अशी अट कलम 15 मध्येच आहे. ही अट फार मोलाची आहे, कारण निकाल दोन उमेदवारांची खासगी मालमत्ता नाही, तो त्या प्रभागातल्या सगळ्या मतदारांचा आहे. प्रकरण लवकर संपले, तर सौद्याला अवधीच उरणार नाही.

दिवाणी न्यायालयाचे दार इतके संथ आहे म्हणून हरलेला पक्ष दुसऱ्या दाराकडे वळतो. ते दार म्हणजे अपात्रतेचे. कलम 14 मध्ये अपात्रतेची कारणे दिली आहेत आणि कलम 16 नुसार त्यांचा निर्णय जिल्हाधिकारी करतात. दोनपेक्षा अधिक अपत्ये, सरकारी जमिनीवर अतिक्रमण, राखीव जागेवर निवडून आल्यावर मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र न देणे, या तक्रारींना 15 दिवसांचे बंधन नाही, मतांचा हिशेब लागत नाही, साक्षीदार गोळा करावे लागत नाहीत. तलाठ्याचा पंचनामा, ग्रामसेवकाचा अहवाल आणि जन्मनोंदीचा दाखला पुरतो. मतपेटीत जे जमले नाही, ते कचेरीत जमवण्याचा हा मार्ग आहे. या तक्रारी खोट्याच असतात असे मी म्हणत नाही. पुष्कळ खऱ्या असतात. पण त्या करण्यामागचे कारण बहुतेक वेळा अतिक्रमण हे नसते, निकाल हे असते. ते अतिक्रमण निवडणुकीच्या आधी वीस वर्षे साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर होते, तेव्हा कोणी अर्ज केला नव्हता.

याचा मार कोणावर बसतो, हे पाहिले तर मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न लगेच पुढे येतो. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून इथल्या दलित, भटक्या आणि भूमिहीन कुटुंबांनी गायरान कसून पोट भरले आहे. 1978 ते 1990 या काळातली मागासवर्गीयांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजी निघाला, तरी अनेक कुटुंबांच्या नावावर सात-बारा अजूनही लागलेला नाही. राखीव जागेवर निवडून येणारा सदस्य पुष्कळदा याच कुटुंबातला असतो. कुटुंबातल्या व्यक्तीचे अतिक्रमण सदस्य स्वतः भोगत असेल, तर तोही अपात्र ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे. ज्याच्याकडे मालकीची जमीन आहे, त्याने शिवेवर दोन हात पुढे सरकवलेले कुंपण मोजायला कोणी जात नाही. गायरानावरची झोपडी मात्र सगळ्यांना दिसते.

स्त्रियांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेच हे बोलून दाखवले आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचाला, ती सासूबरोबर सरकारी जागेवर बांधलेल्या घरात राहते या आरोपावरून अपात्र ठरवले गेले होते. ती वेगळी राहत असल्याचे सांगत होती. जिल्हाधिकारी, आयुक्त आणि औरंगाबाद खंडपीठ अशा तिन्ही पायऱ्यांवर तिला अपयश आले. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले. एक स्त्री आपल्या वतीने निर्णय घेते, हे गावकऱ्यांना पचले नाही, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणे इतके हलक्याने घेऊ नये, असा त्या निकालाचा आशय होता. दिल्लीपर्यंत जाण्याची कुवत सगळ्यांची नसते. किनवट किंवा उमरग्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जाणेच एक दिवसाचा प्रवास आणि दोन दिवसांचा खर्च आहे.

याच कारणाने कलम 15 मधली आणखी एक गोष्ट मला खटकते. दिवाणी न्यायाधीशांचा निर्णय अंतिम आहे, त्यावर अपील नाही. जे काही उरते ते उच्च न्यायालयातील रिट याचिका. अपील नसले की वाद लवकर संपेल, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात वाद संपत नाही, फक्त दूर जातो. त्यापेक्षा 30 दिवसांत निकाली निघणारे एकच अपील जिल्हा न्यायालयात ठेवले, तर ते परभणीच्या माणसाला परभणीत, धाराशिवच्या माणसाला धाराशिवात मिळेल.

मुदत घालण्यावर पहिला आक्षेप न्यायालयांच्या भाराचा असतो. तालुक्याचे एकच न्यायाधीश फौजदारीही पाहतात, दिवाणीही, आणि जमिनीचे वाद दहा-दहा वर्षे पडून असताना निवडणुकीला रांग मोडून पुढे का घ्यायचे? आक्षेप वजनदार आहे. त्याला माझे उत्तर असे की जमिनीचा वाद दहा वर्षांनी मिटला तरी जमीन जागेवर असते, पद नसते. शिवाय निवडणुका अचानक येत नाहीत, आणि अर्ज 15 दिवसांच्या आतच येतात, त्यामुळे कोणत्या न्यायालयावर केव्हा भार पडणार, हे आधी कळते आणि तेवढ्यापुरती वेगळी नेमणूक करता येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मध्ये विधानसभा-लोकसभेच्या याचिका सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असे कलम 86 मध्ये लिहिलेलेच आहे. ते कितपत पाळले जाते? फारसे नाही. ‘प्रयत्न करावा’ अशी भाषा असेल, तर ग्रामपंचायतीतही तेच होईल. म्हणून सहा महिने संपले की विलंबाची कारणे लेखी नोंदवून प्रधान जिल्हा न्यायाधीशांना कळवणे बंधनकारक हवे, आणि नोटीस बजावणीला ठरावीक दिवसांनंतर पर्यायी मार्ग आपोआप लागू झाला पाहिजे. काहींनी अर्जासोबत मोठी अनामत ठेवण्याचा उपायही सुचवला आहे. मला तो मान्य नाही. त्याने खोटे अर्ज थांबणार नाहीत, गरिबाचे खरे अर्ज थांबतील.

विधिमंडळाने कलम 15 ला हात लावीपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. जानेवारी 2021 मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची पाच वर्षे 2026 च्या आरंभी भरली, आणि त्या फेरीत राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायती होत्या. त्यांच्या जागी येणाऱ्या पंचायतींच्या मोजणीसाठी राज्य निवडणूक आयोगाने काही साध्या सूचना काढल्या, तरी पुष्कळ वाद न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत. केंद्रनिहाय मतांचा तक्ता निर्णय अधिकाऱ्यांच्या सहीने प्रत्येक उमेदवाराला त्याच दिवशी द्यावा आणि तोच पंचायतीच्या फलकावर लावावा. फेरमोजणी नाकारली, तर कारण लेखी द्यावे. अर्ज दाखल झाल्याची सूचना तहसील कार्यालयाला मिळताच त्या प्रभागाची यंत्रे आणि मतदार नोंदवही निवाडा होईपर्यंत सीलबंद राहावी, आणि ती राहिली आहे असा लेखी दाखला अर्जदाराला मागण्याआधी मिळावा.